येथे थांबून पाहणे

गिरडच्या रस्त्यावरच्या जिनिंगात, रात्री सव्वाबाराला,
वच्छला कुमरे ट्रॅक्टरमधून उतरून काट्यापाशी आली
आणि म्हणाली, माहे बारा किलो कुठं गेले थे सांगा.

पावतीवर ओलाव्याची घट होती.
तिचा कापूस मात्र मुठीत दाबून सोडला
की पुन्हा फुगून यायचा, इतका कोरडा.
वेचणीचं रोजचं वजन तिनं दारावर खडूनं लिहिलं होतं,
एकोणीस ओळी,
आणि त्या दाराचा फोटो पोराच्या मोबाइलात.

मी नागपूरहून लॅपटॉप घेऊन आलेली.
माझ्या पडद्यावर रंग आहेत. चालू ओळ पिवळी,
ब्रेकपॉइंटचा ठिपका लाल,
कुठल्याही नावावर बाण नेला की त्याच्या पोटातला आकडा
आपसूक वर येतो, विहिरीतल्या बेडकासारखा.
झाडेकाकांचा पडदा काळा, अक्षरं हिरवी.
ते एफ-दहा दाबत एकेक ओळ उतरतात,
अंधारात पायऱ्या उतरावं तसं, एक हात भिंतीला.
त्याच्या आधी, म्हणाले, तेवढंही नव्हतं.
संशय आला की प्रोग्राममध्ये मधेच एक ओळ घुसवायची,
'इथवर ठीक', आणि आकडा छापून घ्यायचा.
एकदा त्या ओळी काढायच्याच राहिल्या,
अडतीस जणांच्या पावतीवर छापून आलं: इथवर ठीक.
कोणी तक्रार नाही केली, बाप्पा.

यातलं चांगलं कोणतं, मी विचारलं.
पायात काटा रुतला, ते म्हणाले,
तं सुई चालते, पिन चालते, बाभळीचा दुसरा काटाही चालते.
पाय कोण धरते, ते पाहा.

मी अठराशे चाळीसाव्या ओळीवर लाल ठिपका ठेवला.
चालत्या कामावर. चूक माझी.
पुढची बंडी काट्यावर चढायला आणि प्रोग्राम त्या ओळीवर यायला
एकच गाठ पडली.
आकडा थांबला. पावतीचा प्रिंटर थांबला.
बंडी अर्धी वर, अर्धी खाली,
मागे चौदा ट्रॅक्टर, एक आयशर,
शालिक गेडाम हातातला हुक तसाच उगारून.
बैल तेवढे रवंथ करत राहिले.
काहून थांबलं, बाई?
थांबल्याशिवाय दिसत नाही, मी म्हणाले,
आणि माझं मलाच ते पुस्तकातलं वाटलं.

पण दिसलं.
सत्तेचाळीस नंबरचा दिवा, ओल्या कापसाचा.
काट्यावर कोरडा माल आणि दिवा पेटलेला.
तो आधीच्या गाडीचा होता.
तिची नोंद काकांनी अर्ध्यातच रद्द केली होती, चहा आला म्हणून,
आणि रद्द करून निघताना दिवा मालवायचा
हे प्रोग्रामला कोणी सांगितलंच नव्हतं.
वच्छलाबाईच्या वेळीही असंच झालं असणार.
ओल एकाची, घट दुसऱ्याच्या माथी.

प्रोग्राम काकांचा, चौऱ्याण्णव सालचा.
ते काही बोलले नाहीत.
लोखंडी कपाटातून त्यांनी कागदाचा गठ्ठा आणला,
हिरवे-पांढरे पट्टे, कडेला भोकं, एक कोपरा उंदरानं खाल्लेला.
अठराशे चाळीस काढली.
समासात लाल पेन्सिल, अक्षर तरुण, जरा उजवीकडे कललेलं:
येथे थांबून पाहणे.
खाली तारीख. सात जानेवारी शहाण्णव.

त्या वर्षी लय माल होता, एवढंच ते म्हणाले.

मी ठिपका काढला. बंडी वर चढली, प्रिंटर खरखरला,
शालिकचा हुक पुढच्या गाठोड्यात रुतला.
वच्छलाबाईंनी नवी पावती उजेडात धरली,
बारा किलो बोटानं मोजल्यासारखे पाहिले,
मग कागदाचा तो गठ्ठा पाहिला, त्यावरची तारीख पाहिली.
वाचता येत होतं त्यांना.

अन् तवापासूनचे? त्यांनी विचारलं.

काकांचं बोट एफ-दहावर होतं.
ते दाबलं गेलं नाही.